एक प्रिंटर, तीन संगणक आणि दोनदा आलेला एकच नकार

शुक्रवारी रात्री साडेनऊला आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "अगं, पेपर निघाले का?" निघाले नव्हते. आई घरीच दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. शनिवारी सकाळी आठला बावीस मुलांची चाचणी होती आणि प्रश्नपत्रिका दोन पानांची, म्हणजे ४४ कागद. मी आतल्या खोलीत बसून ती टाइप केली, छपाईची आज्ञा दिली आणि बाहेरच्या खोलीतल्या प्रिंटरची घरघर ऐकू येण्याची वाट पाहत राहिले. पाच मिनिटं झाली तरी काहीच नाही. रांगेची स्थिती पाहिली तर तिथे लिहिलं होतं, 'द प्रिंटर इज इन यूज'. प्रिंटर वापरात आहे.

कोणाच्या वापरात? आई चुलीशी, धाकटा भाऊ जेवत होता आणि प्रिंटर बाहेर गप्प उभा होता. भावाने त्याच्या मॅकवर पाहिलं. तिथे प्रिंटर सापडतच नव्हता. मी त्याच त्या आज्ञा आणखी तीनदा दिल्या. हे करू नये हे मला माहीत आहे, पण घाईत हात तिकडेच जातो.

आधी आईचं काम उरकलं. प्रश्नपत्रिका पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर घेतली, बाहेरच्या संगणकाला लावली आणि तिथून छापली. ४४ कागद एका दमात निघाले. आई झोपायला गेली आणि मी वही घेऊन बसले. पुढे जे सापडलं ते शनिवार-रविवार मिळून सापडलं. घरच्या जाळ्यावर (नेटवर्कवर) युनिक्स कुळातली, म्हणजे युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वंशातली, यंत्रं जोडून छपाई करणाऱ्या कोणालाही हे प्रकरण उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून ते पहिल्यापासून लिहिते. आज्ञांची आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती अर्थातच रोमनमध्ये लिहायची.

घरातली मांडणी

आमच्याकडे संगणकांना वाड्याच्या भागांची नावं आहेत. बाहेरच्या खोलीतला जुना डेस्कटॉप म्हणजे 'ओसरी'. त्यावर डेबियन ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि लेझर प्रिंटर यूएसबीच्या तारेने त्यालाच जोडलेला आहे. माझा लॅपटॉप 'माळा', त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्स वंशातली ऑपरेटिंग सिस्टिम. भावाचा मॅक 'माजघर'. मॅकओएससुद्धा युनिक्सच, आणि तिन्ही ठिकाणी छपाईचं काम कप्स हीच प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये ती लिहायला घेतली, १९९९ मध्ये ती लोकांच्या हाती आली, २००२ पासून ती मॅकमध्ये आहे आणि २००७ मध्ये अ‍ॅपलने तिचे हक्क घेतले. त्यामुळे तिन्ही यंत्रं एकमेकांशी एकाच भाषेत बोलतात. त्या भाषेचं नाव आयपीपी, आणि तिचा पोर्ट, म्हणजे यंत्रावरचं तिचं ठरलेलं दार, ६३१.

कागदाचा प्रवास असा. माळ्यावरच्या लिबरऑफिस या लेखनाच्या कार्यक्रमातून काम आधी माळ्यावरच्याच कप्सच्या रांगेत येतं. ती रांग ते जाळ्यावरून ओसरीच्या ६३१ पोर्टकडे पाठवते. ओसरीवरचं कप्स पीडीएफचं रूपांतर प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत करतं आणि यूएसबीवरून सोडतं. प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे हे रूपांतर करणारा कार्यक्रम, फक्त ओसरीवर आहे, माळ्यावर नाही, आणि हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. ड्रायव्हर दोन्हीकडे बसवला तर रूपांतर झालेल्या मजकुराचं पुन्हा रूपांतर होऊ शकतं आणि पानामागून पान नुसत्या चिन्हांनी भरून बाहेर पडतं. काही वर्षांपूर्वी मी ते करून अर्धं रीम वाया घालवलं होतं.

हा प्रवास वहीत चार ठाणी म्हणून काढला: माळ्याची रांग, जाळं, ओसरीचं कप्स, यूएसबी. शेवटचं ठाणं आणि त्याच्या आधीच्या ठाण्याचा अर्धा भाग पेन ड्राइव्हने आधीच तपासून दिला होता. ओसरीवर बसून छापलं की कागद निघतो, म्हणजे तार, टोनर, ड्रायव्हर आणि ओसरीची रांग ठीक आहे. घाईत केलेल्या तडजोडीने निम्मी तपासणी झाली होती.

दुसरी गोष्ट वहीत लिहिली ती म्हणजे अलीकडे काय बदललं. दोन नोंदी झाल्या. मागच्या रविवारी मी ओसरी डेबियन ११ वरून १२ वर नेली होती. आणि गुरुवारी देखभालीसाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाइट नव्हती. त्या दरम्यान माळ्यावरून कोणी काही छापलंच नव्हतं, त्यामुळे बिघाड नक्की कधी झाला हे सांगता येत नव्हतं.

पहिला नकार

'प्रिंटर वापरात आहे' या वाक्याने माझा अर्धा तास खाल्ला. मी ओसरीची रांग पुन्हा पुन्हा रिकामी करत होते, कुठे अडकलेलं काम आहे का ते पाहत होते. शेवटी कप्सची नोंदवही सविस्तर केली. त्यासाठी 'कप्ससीटीएल' ही आज्ञा डीबग-लॉगिंगच्या पर्यायासह द्यावी लागते. मग एरर-लॉग फाइलीत कामाच्या क्रमांकासह प्रत्येक पायरी उमटू लागते. त्या नोंदींत मूळ कारण होतं: 'कनेक्शन रिफ्यूज्ड'.

समोरच्या यंत्राने जोडणी नाकारली की कप्सचा आयपीपी बॅकएंड, म्हणजे काम पुढच्या यंत्राकडे पोचवणारा भाग, त्याचा अर्थ 'प्रिंटर वापरात आहे' असा लावतो. त्यामागे तर्क आहे. काही प्रिंटर एका वेळी एकच जोडणी घेतात आणि एक काम चालू असताना दुसऱ्याला दारातूनच परत पाठवतात. पण आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे समोर प्रिंटर नसून संगणक आहे, तिथे हे वाक्य दिशाभूल करतं. पडद्यावरचं वाक्य हा बॅकएंडने काढलेला निष्कर्ष असतो, आणि घडलेली गोष्ट नोंदवहीत असते. मला त्या रात्री फक्त नोंदवही हवी होती.

नाकारणं म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवं. एखाद्या पोर्टवर जोडणी मागितली की तीन गोष्टी होऊ शकतात. जोडणी होते. किंवा समोरचं यंत्र लगेच उत्तर देतं की या पोर्टवर कोणी ऐकत नाही, हा नकार. किंवा काहीच उत्तर येत नाही आणि वाट पाहून वेळ संपते. अशा वेळी यंत्र बंद असतं, किंवा मध्ये फायरवॉल, म्हणजे जाळ्यावरचा पहारा, निरोप गिळत असते. दार वाजवल्यावर आतून "इथे कोणी राहत नाही" असं ऐकू येणं आणि आतून काहीच ऐकू न येणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. नकार आला याचा अर्थ त्या पत्त्यावर एक जिवंत यंत्र आहे.

माळ्याच्या रांगेत ओसरीचा पत्ता आकड्यांत होता, १९२.१६८.१.७. मी 'पिंग' केलं, म्हणजे त्या पत्त्याला 'आहेस का' एवढंच विचारलं. उत्तर आलं. चला, ओसरी जागी आहे, असं म्हणून पुढे निघाले आणि तिथेच चुकले. पिंगला उत्तर येतं म्हणजे त्या पत्त्यावर *कोणीतरी* आहे, एवढंच. ते यंत्र ओसरीच आहे हे पिंग सांगत नाही.

हे लक्षात आलं ते ओसरीसमोर जाऊन तिचा स्वतःचा पत्ता विचारला तेव्हा. ओसरी म्हणाली, १९२.१६८.१.१२.

मग सातवर कोण उत्तर देत होतं? माळ्यावर 'एआरपी' ही आज्ञा 'ए' पर्यायासह दिली. तिने अलीकडे बोललेल्या यंत्रांचे आयपी पत्ते, म्हणजे जाळ्यावरचे आकडी पत्ते, आणि हार्डवेअरचे मॅक पत्ते (भावाच्या मॅकशी या नावाचा संबंध नाही) जोडीने दाखवले. सातच्या समोर जो मॅक पत्ता होता त्याच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर होतं 'ए'. ते २, ६, ए किंवा ई यांपैकी असलं तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून यंत्राने स्वतः बनवून घेतलेला असतो. हल्लीचे फोन वाय-फायवर असे बनवलेले पत्ते वापरतात, म्हणजे त्यांचा माग काढता येऊ नये. घरातले फोन एकेक करून वाय-फायवरून उतरवले. आईचा फोन उतरला तेव्हा सात गप्प झाला. मी दोन तास आईच्या फोनला प्रश्नपत्रिका छापायला सांगत होते.

हे झालं गुरुवारच्या लाइटमुळे. आमचा राऊटर कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी फक्त आपल्या स्मरणात ठेवतो. वीज गेली की यादी पुसली जाते. संध्याकाळी लाइट आली, राऊटर सुरू झाला, आई बाहेरून घरी आली आणि तिच्या फोनने पत्ता मागितला. मोकळा होता म्हणून सात तिला मिळाला. ओसरी मी रात्री उशिरा चालू केली. तिने आपला जुना पत्ता मागितला, तो आता दुसऱ्याच्या नावावर होता, म्हणून तिला बारा मिळाला. यात कोणाचंच काही चुकलं नाही. पत्त्याचा आकडा माळ्याच्या रांगेत मी खिळा ठोकल्यासारखा ठोकला होता, एवढंच.

दुसरा नकार

रात्रीचा पाऊण वाजला होता. माळ्याच्या रांगेतला पत्ता बदलून बारा केला. कारण सापडलं होतं, पुरावा हातात होता, मी समाधानाने एक पान पाठवलं.

'द प्रिंटर इज इन यूज'.

नोंदवहीत पुन्हा तेच, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. अक्षर न् अक्षर तेच.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा ही आहे, म्हणून इथे जरा थांबते. पहिली दुरुस्ती केली आणि लक्षण तसूभरही हललं नाही. अशा वेळी मन सरळ म्हणतं की दुरुस्ती चुकीची होती. मी खरोखर पत्ता पुन्हा सात करायला घेतला होता. तसं केलं असतं तर बरोबर दुरुस्ती उलटी फिरवून मी पुन्हा पहिल्या जागी गेले असते, शिवाय 'पत्त्याचा प्रश्न नाही' अशी चुकीची खूणगाठ मनाशी बांधून.

वहीने वाचवलं. प्रत्येक पायरीला काय केलं आणि काय उत्तर आलं ते लिहीत होते, म्हणून एक साधा प्रश्न सुचला: सातचा नकार आणि बाराचा नकार एकाच यंत्राकडून नाहीत, मग त्यांचं कारण एकच कसं असेल? दोन्ही पत्त्यांना दुसरं काही विचारून बघावं. ओसरीवर एसएसएच, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून आत येऊन आज्ञा देण्याची सेवा, चालू असते, पोर्ट २२. 'एनसी' ही आज्ञा 'झेड' आणि 'व्ही' पर्यायांसह दिली की ती काहीही न पाठवता फक्त दार उघडतं का ते पाहते. वहीत चार ओळी झाल्या. सातचा बावीस, नकार. सातचा ६३१, नकार. बाराचा बावीस, उघडला. बाराचा ६३१, नकार.

म्हणजे बारा हीच ओसरी, पत्ता आता बरोबर, आणि ओसरी जागी असूनही ६३१ वर बाहेरच्यांसाठी कोणी ऐकत नाही. फोनकडे कप्स मुळातच नव्हतं म्हणून त्याने नाकारलं. ओसरीकडे कप्स असून तिने नाकारलं. लक्षण एक, कारणं दोन, आणि पहिलं दूर झाल्याशिवाय दुसरं दिसणं शक्यच नव्हतं.

ओसरीवर 'एसएस' ही आज्ञा 'एल', 'टी', 'एन' या पर्यायांसह दिली. कोणत्या पोर्टवर कोणत्या पत्त्यासाठी ऐकलं जातं आहे याची यादी आली. एसएसएचसमोर ०.०.०.० होतं, म्हणजे सगळ्या बाजूंनी. कप्ससमोर १२७.०.०.१. हा यंत्राचा स्वतःशीच बोलण्याचा पत्ता. कप्स फक्त ओसरीवर बसलेल्या माणसाचं ऐकत होतं. म्हणूनच पेन ड्राइव्हने काम झालं होतं.

आता रविवारची आठवण आली. डेबियन वरच्या आवृत्तीवर नेताना, तुम्ही हाताने बदललेली एखादी मांडणी-फाइल सापडली की ते थांबून विचारतं: तुमची ठेवू की नवी बसवू? ओसरीवर असे सात-आठ प्रश्न आले होते. कप्सच्या फाइलीबद्दलचा प्रश्न आला तेव्हा मी नवी बसवायला सांगितलं. नव्या फाइलीत ऐकण्याची ओळ 'लिसन लोकलहोस्ट ६३१' अशी असते. ती योग्यच आहे. ज्याला प्रिंटर वाटून घ्यायचा नाही त्याचं दार आपसूक बंद राहावं. माझी ओळ वेगळी होती आणि ती मी स्वतः पुसून टाकली होती.

जुनी फाइल मात्र हरवत नाही. डेबियन ती त्याच फोल्डरमध्ये 'डीपीकेजी-ओल्ड' असं शेपूट लावून ठेवतं. 'डिफ'ने जुनी आणि नवी शेजारी ठेवली तर फरक तीन जागी होता: ऐकण्याची ओळ, प्रिंटरची जाळ्यावर जाहिरात करण्याची ओळ, आणि कोणाला आत घ्यायचं ती ओळ. हाताने जुळवता आलं असतं, पण 'कप्ससीटीएल'ला शेअर-प्रिंटर्सचा पर्याय दिला की ते तिन्ही एकदम करतं. ऐकणं सगळ्या बाजूंनी होतं आणि प्रवेश फक्त 'लोकल'ला, म्हणजे आपल्याच जाळ्यातल्या यंत्रांना मिळतो. याशिवाय प्रत्येक प्रिंटरवर 'शेअर्ड' असा स्वतंत्र शिक्का लागतो. तो आमच्या प्रिंटरवर आधीपासून होता, कारण तो वेगळ्या फाइलीत असतो आणि त्या फाइलीला कोणी हात लावला नव्हता. दोन्ही कुलपं उघडी असली तरच बाहेरचा माणूस छापू शकतो.

आज्ञा देण्याआधी एक काम केलं, आणि ते केलं नसतं तर फार महागात पडलं असतं. माळ्याची रांग रिकामी केली. जोडणी नाकारली गेली म्हणून कप्स काम टाकून देत नाही. त्याचा बॅकएंड मध्ये मध्ये थांबून पुन्हा प्रयत्न करत राहतो, आणि ही चिकाटी मुळात सात दिवसांची असते. माझ्या संध्याकाळच्या चारही आज्ञा रांगेत उभ्या होत्या. दार उघडताच १७६ कागद निघाले असते. 'कॅन्सल'ला 'ए' पर्याय देऊन सगळं काढून टाकलं.

मॅकची रांग मात्र माझ्या लक्षात आली नाही. ओसरीवर आज्ञा दिली आणि मिनिटभरात प्रिंटर आपणहून घरघरू लागला. भावाच्या प्रोजेक्टची अकरा पानं, मध्यरात्री दीड वाजता. मॅकच्या रांगेत आकड्यांतला पत्ता नव्हताच. ओसरी 'माझ्याकडे प्रिंटर आहे' अशी हाक जाळ्यावर देते, त्या हाकेतलं नाव मॅक लक्षात ठेवतो आणि प्रत्येक वेळी पत्ता नव्याने विचारून घेतो. ओसरीचा पत्ता बदलला याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. त्याची एकच अडचण होती की हाक थांबली होती. म्हणजे माझ्या दोन बिघाडांपैकी मॅकला एकच लागू होता. हे मी आधी ताडलं असतं, तर 'एकाला प्रिंटर वापरात दिसतो आणि दुसऱ्याला सापडत नाही' या फरकातूनच दोन कारणांचा सुगावा लागला असता.

तपासणीतच असलेला बिघाड

शनिवारी सकाळी चाचणी पार पडली आणि मी माळ्यावर परतले. या वेळी लिबरऑफिस न उघडता टर्मिनलमधूनच एक फाइल पाठवली. 'एलपी' आज्ञा, प्रिंटरचं नाव, फाइलीचं नाव. उत्तर आलं, 'अननोन प्रिंटर'. 'एलपीस्टॅट'ने विचारलं तर तोच प्रिंटर त्याच नावाने यादीत, तयार.

एकच यंत्र, एकच नाव, एक आज्ञा म्हणते आहे आणि दुसरी म्हणते नाही. मी रांग पुसून पुन्हा बनवली. तेच. नावातली अक्षरं तपासली. तेच.

कारण फ्रीबीएसडीच्या इतिहासात आहे. बर्कली विद्यापीठात घडलेल्या युनिक्समध्ये (फ्रीबीएसडी त्याच वंशातली) कप्सच्या कितीतरी आधीपासून छपाईची स्वतःची व्यवस्था होती: 'एलपीआर' आज्ञा, 'एलपीडी' सेवा, आणि प्रिंटरांची नोंद 'प्रिंटकॅप' फाइलीत. तिची जाळ्यावर बोलण्याची पद्धत १९९० मध्ये आरएफसी ११७९ (इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवणाऱ्या दस्तऐवजांच्या मालिकेतला एक) म्हणून लिहून निघाली, पोर्ट ५१५. फ्रीबीएसडीने ती जुनी व्यवस्था आपल्या मूळ संचात जपून ठेवली आहे. कप्स नंतर वेगळं बसवलं की ते आपल्या 'एलपी' आणि 'एलपीआर' आज्ञा 'यूएसआर-लोकल'खालच्या 'बिन' या फोल्डरमध्ये ठेवतं. आज्ञा शोधताना मूळ 'यूएसआर-बिन'चा क्रम आधी लागतो. त्यामुळे मी 'एलपी' म्हटलं की जुनी, बर्कलीच्या वंशातली आज्ञा चालते, ती प्रिंटकॅप उघडते, आणि तिथे आमचा प्रिंटर नाही. 'एलपीस्टॅट' मूळ संचात नाहीच, त्यामुळे ती मात्र कप्सचीच चालते.

'व्हिच एलपी', म्हणजे कोणत्या जागची 'एलपी' चालते, एवढं विचारलं असतं तर पाच सेकंदांत कळलं असतं. मला पाऊण तास लागला. आता माझ्या शेलच्या (आज्ञा वाचून चालवणाऱ्या कार्यक्रमाच्या) मांडणीत या दोन आज्ञांना पूर्ण वाटेसकट टोपणनावं दिली आहेत. आदल्या रात्री लिबरऑफिसमधून गेलेल्या कामांना हा प्रश्न नव्हता, कारण तो कार्यक्रम कप्सशी थेट बोलतो. बिघाड शोधण्यासाठी जे हत्यार उचललं, ते त्या रस्त्यावरच नव्हतं.

पूर्ण वाट देऊन तीच फाइल पाठवली आणि अखेर माळ्यावरून पहिला कागद निघाला. त्यावर तारीख होती, आकडे होते, आणि 'चाचणी पान' ही देवनागरी ओळ असायला हवी तिथे कोरी जागा होती.

हा जाळ्याचा प्रश्नच नव्हे, आणि मराठीत काम करणाऱ्याला तो कधी ना कधी भेटतोच. साध्या मजकुराची फाइल पाठवली की ती कोणत्या फॉन्टमध्ये मांडायची हे छापणारी बाजू ठरवते. तिथला मजकुराचा फिल्टर एकेक अक्षर ओळीत ठेवत जातो, टाइपरायटरसारखा. देवनागरीला तेवढं पुरत नाही. 'गणित'मधली वेलांटी 'ण'च्या आधी जायला हवी, 'प्रश्न'मध्ये 'प' आणि 'र' जुळून एक आकार व्हायला हवा, आणि मुळात त्या फॉन्टमध्ये ही अक्षरं असायला हवीत. म्हणून मराठी मजकूर आपल्याच यंत्रावर पीडीएफ करून पाठवायचा. पीडीएफमध्ये फॉन्ट आणि जुळलेले आकार आतच असतात, ओसरीला फक्त ते उमटवायचे असतात. लिबरऑफिस हेच करतं, म्हणून आईच्या प्रश्नपत्रिकेला हा त्रास कधी झाला नाही. तपासणीच्या पानासाठी आता मी एक पानी मराठी पीडीएफच ठेवली आहे.

आकड्यावरून नावावर

रविवारी कायमची डागडुजी केली. राऊटरच्या पानावर ओसरीचा मॅक पत्ता देऊन बारा हा आकडा तिच्या नावाने राखून ठेवला. आता यादी पुसली गेली तरी हा आकडा दुसऱ्याला मिळणार नाही. शिवाय माळ्याच्या 'होस्ट्स' या नावं आणि पत्ते जोडणाऱ्या फाइलीत त्या आकड्याला 'छपाई' असं नाव दिलं. ओसरी म्हातारी झाली आहे. उद्या प्रिंटर दुसऱ्या यंत्राला जोडावा लागला तर एका फाइलीतली एक ओळ बदलून भागावं, असा विचार.

ब्राउझरमध्ये 'छपाई' आणि पोर्ट ६३१ लिहिलं. आलं, 'बॅड रिक्वेस्ट'. आकडा लिहिला की कप्सचं पान उघडतं. नावाला पिंग केलं तर बारावर जातं. म्हणजे नावाचा उलगडा बरोबर होतो आणि तरी नाव चालत नाही.

या वेळी अंदाज बांधत बसले नाही, सरळ ओसरीची एरर-लॉग उघडली. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की या पत्त्यावरून आलेल्या विनंतीतलं होस्टचं नाव ग्राह्य नाही, आणि पुढे ते नाव. विनंती करणाऱ्याने आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली हे कप्स तपासतं. स्वतःचं नाव, आकडी पत्ता किंवा 'लोकल'ने संपणारं नाव असेल तर ठीक. अनोळखी नावाने हाक मारली तर नकार. हे संरक्षण आहे. एखादं फसवं संकेतस्थळ आपलं नाव तुमच्या घरातल्या आकड्याकडे वळवून ब्राउझरच्या आडून आत शिरू शकतं, ते यामुळे अडतं. 'छपाई' हे नाव मी माळ्यावर ठेवलं होतं, ओसरीला त्याचा पत्ताच नव्हता. ओसरीच्या मांडणीत 'सर्व्हर-एलियस'ची एक ओळ घालून ते तिला सांगितलं आणि कप्स पुन्हा सुरू केलं. या ओळीत तारांकित चिन्ह देऊन कोणतंही नाव चालवता येतं, आणि तसा सल्ला सर्रास मिळतो. मी तो घेतला नाही. एका नावाची गरज असताना संपूर्ण पहारा उठवायचं कारण नाही.

मग माळ्याची जुनी रांग काढून 'एलपीअ‍ॅडमिन'ने नवी बनवली: पत्त्यात 'आयपीपी' आणि 'छपाई', आणि ड्रायव्हरच्या जागी 'एव्हरीव्हेअर'. हा शब्द दिला की माळा ओसरीला विचारूनच प्रिंटरच्या क्षमता ठरवतो आणि वेगळा ड्रायव्हर न लावता काम पुढे धाडतो.

आणखी एक काम त्याच बैठकीत केलं. ओसरीवर 'कप्स-ब्राउज्ड' ही सेवा चालू होती. दुसऱ्यांचे प्रिंटर शोधून आपोआप रांगा बनवणं हे तिचं काम. ओसरीला दुसऱ्या कोणाचा प्रिंटर नकोच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये याच सेवेतल्या त्रुटी जाहीर झाल्या होत्या: यूडीपी या जाळ्यावर निरोप पाठवायच्या पद्धतीच्या ६३१ पोर्टवर कुठूनही आलेल्या निरोपावर ती विश्वास ठेवत असे, आणि त्यातून खोटा प्रिंटर गळ्यात मारून यंत्रावर परक्याची आज्ञा चालवता येत असे. दुरुस्त्या निघाल्या आहेत, पण गरज नसलेली सेवा चालू ठेवू नये म्हणून ती बंद केली. ओसरीची हाक अव्हाही नावाची दुसरी सेवा देते, त्यामुळे मॅकला काही फरक पडला नाही. राऊटरवर ६३१ पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडलेला नाही, हेही पाहून घेतलं.

पुढचा गुरुवार

पुढच्या गुरुवारी पुन्हा लाइट गेली. संध्याकाळी आल्यावर मी मुद्दाम घरातले सगळे फोन आधी वाय-फायवर येऊ दिले आणि ओसरी सगळ्यात शेवटी चालू केली. आईच्या फोनला पुन्हा सातच मिळाला. ओसरी बारावर आली. माळ्यावरून मराठी पीडीएफ पाठवली, नोंदवहीत जोडणी झाल्याची ओळ उमटली आणि बाहेर घरघर सुरू झाली.

कागद आणायला गेले तर आई प्रिंटरपाशी उभी. हातात पान आणि फोन. ओसरीची हाक आता तिच्या फोनलाही ऐकू जाते, आणि छपाईच्या यादीत आमच्या प्रिंटरचं नाव दिसत होतं. "यावरून पण निघेल का गं?" तिने विचारलं. तिने यादीतल्या नावावर बोट ठेवलं आणि पुढच्या आठवड्याची प्रश्नपत्रिका निघाली, दोन पानं, वेलांट्या जागच्या जागी.